मेलेली बाटली

अक्कलकोट रोडला, बंद पडलेल्या डाइंगच्या मागे
एक खड्डा आहे. त्याला तळं म्हणायचं धाडस
अजून कुणी केलेलं नाही.
एप्रिलात पाणी इतकं घट्ट होतं
की बोट बुडवून वाळवलं तर नखाला पांढरी टोपी येते.
डास नाहीत. शेवाळ नाही.
एकदा एक कुत्रं प्यायला वाकलं
आणि आमच्याकडे असं बघितलं,
जणू आम्हीच ते कालवलंय.

कालवलंच की.
वीस वर्षं नायना इथेच मिठाची पोती फोडत होते
(आमच्यात वडिलांना तेच म्हणतात),
सुतानं रंग धरावा म्हणून.
लाल हवा असला की नायट्राइट, आम्ल आणि बर्फाची लादी,
खांद्यावर गोणपाट, गोणपाटातून पाठीवर गार ओघळ,
बाहेर त्रेचाळीस.

बिराजदार मॅडम म्हणाल्या, बारा बाटल्या भर.
पाणी खड्ड्यातलं. दगड तळातला, काळा, कुटून, चाळून.
सहा जिवंत, सहा मारलेल्या.
मारणं म्हणजे ऑटोक्लेव्ह, एकशे एकवीस अंश,
तीन दिवस, रोज एकदा,
आणि वरून चिमूटभर विष.
जंतू तर नाहीच, जंतूचं भूतही राहू नये.
मारलेल्या बाटल्या असतात नुसत्या तुलनेला,
लग्नाच्या फोटोत कडेला उभ्या असलेल्या माणसासारख्या.

सोमवारी रबरी बुचातून सुई घातली,
हवा ओढली, यंत्राला दिली.
नऊ नंबर. मारलेली.
कागदावर रेघ निमूट चालत आली
आणि चौथ्या मिनिटाला उठून उभी राहिली.

नायट्रस ऑक्साइड.
घरात कुणी नसताना.

सुई बदलली. बूच बदललं. हात तीनदा धुतले.
मॅडमना चार दिवस सांगितलं नाही.
आमच्याकडे चूक आधी आपल्याच हातात शोधतात.
चादरीत एक धागा चुकला
तर मागावर कोण बसलं होतं हे विचारतात,
माग कुणी जोडला, हे नाही.

पुन्हा मारल्या. पुन्हा भरल्या.
या वेळी काहींत दगडच घातला नाही.
बिनदगडाच्या गप्प.
दगडाच्या, जिवंत काय नि मेलेल्या काय,
सगळ्या बोलत्या.

म्हणजे हा दगड.
हाच आमच्या पायात, हाच किल्ल्याच्या तटात.
आतलं लोखंड खारात बसून गंजतं
आणि गंजता गंजता पदरचं थोडं
नायट्राइटच्या हातावर ठेवतं.
एवढाच व्यवहार.
भूक नाही, पोट नाही, लेकरं नाहीत.
साक्षीला मीठ.

मॅडमनी आकडे बघितले, चष्मा काढला.
"लांबच्या एखाद्या ग्रहावर हा वायू सापडला
तर लोक नाचतील, म्हणतील, कुणीतरी आहे.
तू सांग त्यांना, थांबा.
आधी दगडाला विचारा."
मग डबा उघडला. भाकरी, शेंगाचटणी.
"आज मीठ जास्त झालंय," म्हणाल्या,
आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

शाळेत शिकवलेलं: नत्राचे दोन, प्राणवायूचा एक.
प्राण नावाचा शब्द त्या बाटलीत
कुठल्या दारानं शिरला, मला अजून कळलेलं नाही.
आता मी चिठ्ठीवर "मृत" लिहीत नाही.
दगड, पाणी, मीठ. तारीख.

नायनांना सांगितलं तेव्हा ते खाटेवर होते.
"दात काढताना देतात, तो वायू?"
"तोच."
"आपल्या त्या खड्ड्यातनं?"
"हो."
बराच वेळ छताकडे बघत राहिले.
"आणि वीस वर्षं तिथं
आम्ही कुणीच हसलो नाय की गं."

परवा खड्ड्याकाठी बादली उपडी घालून
अर्धा तास मोजायचा होता.
आले हट्टानं. बादली दोन्ही हातांनी दाबून बसले,
जसं आत काही जनावर आहे.
नखांच्या कडेला लाल अजून तसाच.
मी घड्याळ बघत होते.
ते कान लावून होते.