लोहचुंबक

पुलगावचा दुकानदार म्हणाला होता,
"बुडाला चिकटलं, तं चालते बाई."
म्हणून दुर्पता
फुटक्या रेडिओतलं लोहचुंबक घेऊन
फळीवरची भांडी काढून बसली.

जर्मनचा गंज. नाही.
आहेरातली पितळी गुंडी. नाही.
वरणाच्या बटलोईवरून तर सरळ घसरलं.
तव्यानं मात्र खट्कन ओढून घेतलं,
बारा वर्षं पऱ्हाटीच्या धुरात मुरलेल्या
काळ्या तव्यानं.

"एका तव्यासाठी दोन हजाराची शेगडी?"
अंकुश दारातूनच म्हणाला.
"अन् लाईन गेली मंग?"

ती बोलली नाही.
चुलीपुढची फुंकणी उचलून
तिला लावलं.
चिकटलं.

"घ्या, हे बी चालते म्हणे,"
दुर्पता हसली,
अन् हसता हसता
कितीतरी वेळ खोकत राहिली.

अंकुशनं बिल्ला पाहिला. पाच तारे मोजले.