हिरवा दिवा

ओतारने डबी माझ्या बाकावर ठेवली.
"मुलाने पाठवलीय, ग्दान्स्कहून.
शंभर किलोमीटरला दोन लिटर वाचतात म्हणे.
उघड."

कुताइसीत त्या दुपारी वीज नव्हती.
टॉर्च तोंडात धरून चार स्क्रू काढले.
आत एक हिरवा दिवा, दोन तारा,
बाकी हवा.

"इंजिनाशी ही बोलते कुठून?"
कुठूनच नाही. लायटरच्या भोकातून
वीज पिते आणि डोळे मिचकावते.

तो हसला नाही.
खिशातून बायकोची वही काढली:
आधी नऊ पॉइंट चार,
आता महिनाभर आठ पॉइंट एक.
लामाराचं अक्षर. लामारा
हिशेबात देवालाही सूट देत नाही.

म्हणून मी त्याच्यासोबत रिकोतीच्या घाटात गेलो.
पूर्वी हा ओपेल अशी हाणायचा
की मागची कलिंगडं नवस बोलायची.
आता उतार दिसला की पाय अलगद उचलतो,
ट्रकला पुढे जाऊ देतो,
आणि मधूनमधून दिव्याकडे बघतो,
मागच्या सीटवर कुणी झोपलं असावं तसा.

परतल्यावर म्हणाला, "बंद कर. नीट आवळ."

चौथा स्क्रू सापडेना.
माझ्या डब्यातला घातला,
थोडा मोठा.