जुना फॉन्ट

गंगाखेडला, डॉक्टर लेनच्या मागं माझं दुकान.
तेव्हा चपला बाहेर काढाव्या लागायच्या.
पाटी मीच लिहिली होती: धूळ मशीनला चालत नाही.
मे महिन्यात मशीनला कूलर,
मला पुठ्ठा.
सासूबाईंनी इरकलीच्या जुन्या पदराचा झगा शिवला मॉनिटरला.
रात्री घालताना म्हणायच्या,
निजू दे की त्याला आता.

दहावीच्या निकालाला पायरीपर्यंत सायकली.
पोरं पन्नास, काच एक.
लाईन अडकली की सगळे मिळून
त्या वाळूच्या घड्याळाकडं बघायचे.
मार्क मी मोठ्यानं वाचले नाहीत कधी.
कागद पालथा द्यायचा,
एवढं धंद्यात शिकले.

मग निकाल पोरांच्या खिशातच लागायला लागला.
पत्रिका फोनवर गेल्या, त्यांतून सनई वाजायली.
मी बांगड्या ठेवल्या, पिना, रबरं,
सीपीयूवर खोक्यांची चळत.
नातू काचेवर बोट घासून बघतो,
म्हणतो, आज्जी, हे मेलंय का?

परवा बेस्तरवारी अनुसया आली, कंधारहून, सासरहून.
"ताई, माझ्या लग्नाची पत्रिका आहे का तुमच्यात?
घरातली वाळवीनं खाल्ली."
मी खोके उतरवले. यूपीएस केकाटला.
अकरा मिनिटं लागली त्याला उठायला.
फायनल. फायनल दोन. फायनल खरं.

तिच्या फोनवर टाकली तर अक्षरांचा नुसता चुरा.
तो फॉन्ट ह्या टेबलाबाहेर कुणाला वाचता येत नाही.
इथं मात्र सगळं जागच्या जागी:
गणपती, कलश, आहेर आणू नये,
आणि तळाला, बारीक,
आमच्या आक्काच्या लग्नाला यायचं बरं का!
चि. मुंजाजी.

आठवलं. मी 'मुंजजी' छापलं होतं आधी.
बापाचं बोट धरून आला होता भांडायला,
माझा काना राह्यला म्हणून.
स्टुलावर उभा केला, बटण दाखवलं,
काना त्यानंच दाबला.

पुढच्या पोळ्याला गेला तो. सातव्या वर्षी.
शाळेत नाव पडायचं होतं अजून.
फोटो नाही. छापलेलं कुठं असेल तर हे, एवढंच.

अनुसयानं फोन काचेसमोर धरला.
ह्या जुन्या काचेचा फोटो काढताना
एक काळी पट्टी वरून खाली सरकत राहते.
ती नावावर आली.
"थांब," मी म्हणाले.
पट्टी खाली उतरेपर्यंत
दोघी थांबलो.