अंबाडी मना आहे

रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी
यांची सोनोग्राफी खिडकीशी धरली.
हा बघा खडा. सात मिलिमीटर.
पालक बंद, टमाटे बंद, आणि अंबाडी तर
जिभेलाही लावायची नाही.

हे घरी आले आणि कुदळ शोधू लागले.

अजनीच्या क्वार्टरमागे नळ गळतो
तिथे खाटेएवढी जागा :
मुरूम, गिट्टी, कुण्या जमान्यातला स्लीपरचा तुकडा.
तेवढ्यात बी टोचलं.
"खाऊ नको म्हणाल्या. लावू नको कोण म्हणालं?"

श्रावणात पानं पंजाएवढी झाली,
कडेला करवत, देठ लाल.
शेजारची सत्यम्मा कुंपणावरून ओरडली, गोंगुरा!
मी म्हटलं, अंबाडी.
तेच ते, म्हणाली, आणि ओटीभर खुडून नेली.
संध्याकाळी तिच्या लोणच्याची फोडणी
आमच्या घरात खोकत फिरली.

मी आपली उकडते, पिळते,
आंबट पाणी मोरीत सोडते.
ज्वारीच्या कण्या, मूठभर तुरीची डाळ,
वरून जवसाच्या तेलात लसूण,
लाल होईस्तोवर. काळा नाही.
हे दारात स्टुलावर, ड्यूटीचे बूट अजून पायात.
"मीठ पाहून देऊ काय वं?"
नाही.
"वास तरी घेऊ देशीन?"
वासाचं डॉक्टरीणबाई काही बोलल्या नव्हत्या.
मग दोडक्याची भाजी जेवले,
माझ्या ताटाशी नजर लावून,
मालगाडी आउटरला उभी राहते तसे.

कार्तिकात फुलं. फिकी पिवळी,
पोटात काळसर लाल डोळा.
सकाळच्या पॅसेंजरला उघडतात,
दुपारच्या पाळीला मिटलेली.
मागे बोंडं राहतात, तांबडी, कुरकुरीत.
गूळ घालून चटणी वाटली.
बोंडं मी मोजली नव्हती,
पण यांची जीभ सांगत होती.

खडा त्याच आठवड्यात पडला.
चहाच्या जुन्या गाळणीत, तपकिरी, खरबरीत.
धुतला, पुसला, कपाटातल्या डबीत ठेवला,
बक्षीस मिळाल्यासारखा.
पौषात त्याच डबीत बी भरलं.
"पाहा ना, दोन्ही सारखेच दिसून राहिले."

पुढच्या आषाढात डबी उलटी केली हातावर
आणि चष्मा न लावता
ओळीत टोचत गेले.
एकतीस खड्डे. तीस उगवले.

एकतिसाव्याला
हे अजून पाणी घालतात.