बिनपगारी

सातपूरला तीस वर्षं पाळ्या लावल्या पगारसाहेबांनी :
कुठल्या लेथवर कोण, कोण कधी जेवायला.
आता सिडकोतल्या खोलीत, मुलाच्या जुन्या कॉम्प्युटरवर
कुठल्याशा ताऱ्याचा हिशेब चालतो. फुकट.

ग्राफिक्स कार्ड ताट मांडून बसलंय,
प्रोसेसरचे चारही कोअर एकाच गणितात रुतलेले.
रिकामं मशीन बघवत नाही त्यांना.
एक कोअर मोकळा करतात,
कार्डाला वाढायला.

पंखा घोंगावू लागतो.
आतून आवाज : "आडनाव तेवढं पगार!
वीजबिल कोण, तारा भरणार?"

मुदत रविवारची.
शनिवारी इकडे लाइट नसते
हे तिकडे कुणाला ठाऊक?

चष्मा पुसून
ते जुन्या हजेरीवहीत लिहितात :

तारा – शुक्रवार, रात्रपाळी.
सोबत मी.