आठवा दिवस

बफेलोत नायगारा स्ट्रीटवर पाच नंबरची बस
बुधवारी अकरा चाळीसला येते असं लिहिलंय.
येते तेव्हा येते.
थांब्याच्या काचेआड आम्ही दोघी,
मी इस्पितळाच्या लॅबमधली, ती तिथल्याच लाँड्रीतली,
आणि तिचा स्टीलचा डबा, टॉवेलात गुंडाळलेला
तान्ह्या पोरासारखा.

नाव विचारलं तर म्हणाली, यू यू.
मला वाटलं, मलाच काही म्हणतेय.
तिचा मुकादम पोरींना नुसतं "यू!" म्हणून ओरडतो,
दर वेळी हीच वळून बघते.
आडनाव? नाही.
बापाचं नाव? तेही नाही लावत.
नावाच्या आड लपायला काहीच नाही,
म्हणून कार्डावर तिला मधोमध तोडलंय:
एक यू नावाच्या चौकटीत, दुसरी आडनावाच्या.

य हे बुधवारी दुपारी जन्मलेल्यांचं अक्षर, ती म्हणाली.
आमच्याकडे आठवड्याला आठ दिवस.
बुधवार बारा वाजता मोडतो,
उरलेला तुकडा वेगळा वार.
मी हसले. म्हटलं, आमच्याही आठवड्यात आठ आहेच की,
मोजायला घेतले की सात भरतात.
"तुमचा कुणी घेतला?"
तिनं विचारलं. थट्टेत नाही.

तिचा जुळा भाऊ तिच्याहून वीस मिनिटांनी थोरला.
तो बाराच्या अलीकडे, ही बाराच्या पलीकडे.
त्याला सुळ्यांचा हत्ती, हिला बिनसुळ्यांचा.
त्याची दिशा दक्षिण, हिची वायव्य.
एकाच बाजेवर, एकाच आईला दोन वार.
इथल्या जुन्या सामानाच्या दुकानात पन्नास सेंटला
तिला एक प्लास्टिकचा हत्ती मिळाला.
सुळे तिनं नेलकटरनं काढले.
खिडकीत ठेवलाय, नदीपलीकडच्या कॅनडाकडे तोंड करून.
रोज पेलाभर पाणी.
खिडकी नीट लागत नाही,
जानेवारीत ते त्याच्या पायाशीच गोठतं.

तर बुधवारी बारा वाजतात ते चालत्या बसमध्ये.
कधी पेट्रोलपंपाशी, कधी बंद गिरणीशी,
बर्फ काढणारी गाडी पुढे असली
तर बरंच अलीकडे.
ती मनगट बघते. मांडीवरचा डबा सरळ करते.
चढलो तेव्हा एक वार, उतरू तेव्हा दुसरा,
तिकीट तेच.
ड्रायव्हरच्या गावीही नसतं.

"तिथे आता साडेअकरा. रात्रीचे."
माझ्याकडे साडेदहा.
तुमचाही अर्धा तास वाकडा? असं तिनं विचारलं होतं,
जशा काही आम्ही एकाच पायानं लंगडतो.

भावाचा फोन येतो का, मी एकदाच विचारलं.
तिनं डबा उघडला.
मुरवलेली चहाची पानं, शेंगदाणे, तळलेला लसूण,
वास बसभर. पुढच्या बाईनं खिडकी चाचपली.
"खा," म्हणाली.
चहा खायचाही असतो हे मला चाळिशीत कळलं.
कडू, तुरट, तेलाचा हात सढळ.
पुढच्या तीन थांब्यांपर्यंत
नुसते दाताखाली शेंगदाणे.

मार्चात घड्याळं तासभर पुढे गेली.
इथल्या बाराला तिथे आता साडेदहाच.
तिची पाळी रात्रीची झाली.
जाताना सांगून गेली नाही, मुकादमानं सांगितलं.
म्हणजे मीच जाऊन विचारलं.

आता मी एकटी मनगट बघते.
पेट्रोलपंप गेला. गिरणी गेली.
सोम, मंगळ, बुध,
मग जरा थांबून तो,
ज्याला माझ्याकडे नाव नाही.

काल लाँड्रीतून माझा पांढरा कोट आला.
उजवी बाही डावीच्या आत सरकवलेली,
गठ्ठ्यातल्या बाकी कोटांच्या घड्या साध्याच.
तिथे रात्री चौदा जणी असतात,
कुणीही घातली असेल.
आज बुधवार. मी जुनाच कोट अंगावर चढवला.
ती घडी गुरुवारी मोडेन.