खोडवा

त्या मुलीनं चाळीस रोपं दिली, ओल्या गोणपाटात गुंडाळून.
म्हणाली, मावशी, हे भात कापल्यावर मरत नाही.
मी हसले.
आमच्या डोळखांबला दिवाळीपर्यंत सगळंच भात मरतं, बाई,
मरायचंच असतं त्याला,
नाहीतर गुरं कुठं सोडायची?

लावलं तरी. वरकसाच्या त्या कोपऱ्यात,
जिथं नांगर दगडाला लागून किंचाळतो
आणि दरसाल बोटभर माती ओढ्यात उतरते.

कापणी झाली. चार-चार बोटांची खोडं उरली.
भोवती करवंदीचे काटे रोवले,
तर धाकू खंडवी भांडायला आला:
कापलेलं शेत गावाचं, तू कुंपण कशाचं घालतेस?
खरं होतं त्याचं.
माझ्याही शेळ्या त्याच्या बांधावर वाढल्यात.
पेंढ्याचे दोन भारे दिले त्याला.
भांडण मिटलं नाही, थांबलं.

माघात पाती पिवळी, फाल्गुनात राखाडी.
धुळवडीला एक ठोंब उपटायला गेले,
मेलाय का बघायला.
निघेना.
कुदळीनं खणत गेले, कोपरापर्यंत हात आत,
आणि जिथं आमच्या विहिरीलाही ओल सापडत नाही
तिथं बोटांना गार लागलं.

त्या साली कोपऱ्यापुरता राब भाजला नाही.
ऐनाच्या फांद्या ऐनावरच राहिल्या.
बाकीच्या खाचरांत मी दहा दिवस वाकून,
आणि तो आपला उभ्यानं वाढतोय.
संध्याकाळी तिथं बांधावर टेकले
तरी कंबर आपोआप वाकायला बघायची.

खोटं कशाला बोलू?
दाणा बारीक. पायलीमागं शेरभर कमीच,
पळींज जास्त.
सासरे म्हणाले, आजाऱ्याचं जेवण आहे हे.
पण बियाणं नाही, ट्रॅक्टरचा तास नाही, लावणीची मजुरी नाही.
लेकीनं वहीत खर्चाची बाजू आखली
आणि पेन तोंडात धरून बसली.
काय लिहू, आई?
पीक पाहणीचा मोबाईलही तसाच:
पेरणीची तारीख भरा.
गेल्या सालची भरली. घेत नाही.
भरल्याशिवाय पुढं जाऊ देत नाही.

पाडव्यानंतरच्या रविवारी निचिते आले, वर्तकनगरहून, कागद घेऊन.
कागद दरसालचाच. अर्धेली, अकरा महिने.
बारावा महिना जमीन नुसती त्यांची असते,
आणि तेव्हा ती मोकळी दिसावी लागते.
मागल्या साली सगळं राखाडी होतं, त्यांना काही दिसलं नव्हतं.
या चैत्रात हिरवं दिसलं.

हे कुणी पेरलं?
कुणी नाही.
मग आलं कसं?
गेलंच नव्हतं.

उतरलं त्यांचं तोंड.
वाईट नाही माणूस. लेकीच्या शाळेची फी एकदा त्यांनीच भरली.
पण बापाचे सहा एकर कुळांना गेले,
ते अजून जेवताना मोजतात.
जे चार वर्षं एका जागी राहतं
ते पाचव्या वर्षी बोलायला लागतं, म्हणाले.
काढून टाक.

आणि स्वतःच वाकले, पांढऱ्या शर्टात,
दोन्ही हातांनी ठोंब धरला, ओढला.
हातात पातं आलं.
तळव्यावर रक्ताची बारीक रेघ.
मी तांब्यानं पाणी ओतलं. दोघं काही बोललो नाही.

सही केली मी. पूर्ण नाव, मांडीवर कागद ठेवून.
अकरा महिने.

रात्री बारा ठोंब फोडून घरामागं लावले,
भांड्यांचं पाणी जातं तिथं.
तो दीड गुंठा माझ्या नावावर आहे.
उरलेले सत्तावीस जागेवरच.

निचिते फोन करून विचारतात, काढलंस का?
मी म्हणते,
वरून कापलंय.